राजकीय भाकिताची भाषा : ज्योतिषांच्या राष्ट्र व नेतृत्वविषयक अर्थनिर्णयाची चिकित्सा (हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

निवडणूक जवळ आली की मराठी वृत्तपत्रे, दूरचित्रवाहिन्या, दिवाळी अंक आणि पंचांगे यांतून राजकीय भविष्याला बहर येतो. कोणाच्या पत्रिकेत राजयोग आहे, कोणाला साडेसाती सुरू आहे, सरकार कोणत्या महिन्यात अडचणीत येईल, यांविषयीचे निर्णय मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जातात. या लेखनाकडे अभ्यासक सहसा दोन प्रकारे पाहतात. एक वर्ग त्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारतो, तर दुसरा वर्ग मनोरंजन म्हणून सोडून देतो. दोन्ही भूमिकांमुळे या लेखनाचे प्रत्यक्ष वाचन मात्र होत नाही.

राजकीय ज्योतिष हा एक अर्थनिर्णयाचा व्यवहार आहे. त्याची स्वतःची परिभाषा आहे, संकेतव्यवस्था आहे, युक्तिवादाची पद्धती आहे. म्हणून साहित्यकृतीची समीक्षा करावी त्याप्रमाणे त्याचीही समीक्षा करणे शक्य आणि आवश्यक आहे. भाकीत खरे ठरले की खोटे, एवढ्यावर ही समीक्षा थांबू शकत नाही. ज्योतिषी राज्यसंस्थेचे कोणते चित्र गृहीत धरतो, त्या चित्रात मतदाराला कोणते स्थान मिळते आणि सत्ताधाऱ्याच्या उत्तरदायित्वाचे काय होते, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहेत. विवेचनासाठी हिंगोली जिल्ह्याचा राजकीय अनुभव कसोटी म्हणून वापरला आहे.

संहितेतील राजा आणि पंचांगातील मंत्रिमंडळ

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात गणित, संहिता आणि जातक या स्कंधांचा परामर्श घेतला आहे. व्यक्तीचे भविष्य जातकात येते, तर पर्जन्य, दुष्काळ, युद्ध, राजाचे क्षेमकुशल हे विषय संहितेत येतात. आज ज्याला मेदिनीय ज्योतिष म्हटले जाते त्याचे मूळ या संहिता स्कंधात आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराची बृहत्संहिता हा त्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ होय. त्यात राजाच्या पदरी असणाऱ्या सांवत्सराची, म्हणजे दरबारी ज्योतिषाची, पात्रता सविस्तर सांगितली आहे. या ज्ञानाचा श्रोता राजा होता आणि राज्याचे भवितव्य राजाच्या भवितव्याशी एकरूप मानले जात होते. ज्या काळात राज्य खरोखरच एका व्यक्तीभोवती फिरत होते, त्या काळात ही मांडणी तर्कविसंगत नव्हती.

प्रश्न पुढे निर्माण होतो. राजा गेला, पण त्याच्यासाठी रचलेली परिभाषा टिकून राहिली. मराठवाड्यातील अनेक गावांत गुढीपाडव्याला पंचांगवाचन होते. त्यात संवत्सरफल सांगताना वर्षाचा राजा, मंत्री, सस्याधिपती, मेघाधिपती असे ग्रहांचे एक मंत्रिमंडळच जाहीर केले जाते. त्याचा नियम सोपा आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या वाराचा स्वामी तो राजा आणि सूर्याच्या मेष संक्रमणाच्या वाराचा स्वामी तो मंत्री. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला मंगळवारी आला म्हणून मंगळ राजा झाला. मेष संक्रमण १३ एप्रिलला शनिवारी झाले म्हणून शनी मंत्री झाला. २०१४ मध्ये पाडवा सोमवारी होता, म्हणून चंद्र राजा होता. २०१९ मध्ये तो शनिवारी होता, म्हणून शनी राजा होता.

सौम्य मानल्या गेलेल्या चंद्राच्या वर्षी भारतीय जनता पक्षाला २८२ जागा मिळाल्या, क्रूर मानल्या गेलेल्या शनीच्या वर्षी त्या ३०३ झाल्या आणि मंगळाच्या वर्षी २४० वर आल्या. या आकड्यांचा वारांशी संबंध जोडणारे स्पष्टीकरण निकालानंतर सहज तयार करता येते. निकालापूर्वी मात्र तेच वार तिन्ही वेळा वेगळा निष्कर्षही देऊ शकले असते.

विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी ग्रहांवर आधारलेली नाही. ती शकुनाची परंपरा आहे. तरीही तिची राजकीय रचना हीच आहे. शेतात आखलेल्या घटात अठरा प्रकारची धान्ये मांडली जातात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवली जाते, तर विड्याचे पान व सुपारी हे राजाचे आणि त्याच्या गादीचे प्रतीक मानले जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे पान व सुपारी जागेवर आहेत की हलली आहेत, यावरून सत्तेचे भाकीत होते. पीक, पाऊस आणि राजा अशी ही त्रयी आहे. या मांडणीत प्रत्येक धान्याला जागा आहे, पण मत देणाऱ्या माणसाचे प्रतीक कोठेही नाही. ही उणीव परंपरेची नव्हे. परंपरा घडली तेव्हा मतदार अस्तित्वातच नव्हता. उणीव आहे ती आजच्या अर्थनिर्णयाची, जो पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांना त्या सुपारीच्या जागी बसवितो.

राष्ट्राची कुंडली आणि जन्मवेळेचा प्रश्न

आधुनिक मेदिनीय ज्योतिषात स्वतंत्र भारताची कुंडली १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीची, दिल्लीची धरली जाते. तिचे लग्न वृषभ असून लग्नात राहू आहे. तृतीय स्थानी कर्क राशीत रवी, चंद्र, बुध, शुक्र आणि शनी असे पाच ग्रह एकत्र आहेत. चंद्र पुष्य नक्षत्रात असल्याने विंशोत्तरी पद्धतीनुसार शनीच्या महादशेपासून आरंभ होतो. लग्नावरून प्रजा, चतुर्थावरून भूमी व शेती, सप्तमावरून परराष्ट्रसंबंध, दशमावरून शासन आणि एकादशावरून संसद पाहावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. या मांडणीत प्रजेला लग्नस्थान दिले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रत्यक्ष लेखनात निर्णय दशम स्थानाचा, म्हणजे शासकाचा, केला जातो. प्रजा सुखी की दुःखी एवढेच लग्नावरून सांगितले जाते. प्रजा काय ठरविते हे सांगितले जात नाही.

या कुंडलीचा पाया असलेली वेळच वादग्रस्त आहे. १५ ऑगस्ट ही तारीख लॉर्ड माउंटबॅटन यांनी निवडली. जपानच्या शरणागतीचा तो वर्धापनदिन होता. तो दिवस ज्योतिषांना अशुभ वाटल्याने मध्यरात्रीचा तोडगा निघाला, ही कथा ज्योतिषविषयक लेखनात वारंवार येते. ती खरी मानली तरी राष्ट्राचा जन्मक्षण माणसांनी निवडला, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमानुसार भारत आणि पाकिस्तान ही दोन्ही अधिराज्ये १५ ऑगस्टपासूनच अस्तित्वात आली. दोहोंच्या जन्माची ग्रहस्थिती जवळजवळ एकच आहे. स्थळभेदामुळे लग्नाचा काय तो फरक पडतो. तरीही एका देशात सार्वत्रिक निवडणुकांची परंपरा रुजली आणि दुसऱ्या देशात १९५८, १९७७ व १९९९ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. संविधान, पक्षसंघटना, लष्कर व मुलकी सत्ता यांचे नाते या बाबी विचारात घेतल्याशिवाय या फरकाचा उलगडा होत नाही.

हिंगोलीच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्यासह मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. कळमनुरी किंवा औंढा नागनाथ येथील नागरिकाचे राजकीय भवितव्य यांपैकी कोणत्या कुंडलीवरून पाहावयाचे? दिल्लीच्या मध्यरात्रीची कुंडली त्याला लागू करावयाची, तर ज्या क्षणी तो त्या राष्ट्राचा नागरिकच नव्हता तो क्षण त्याच्या माथी मारावा लागतो. मुक्तीची तारीख घ्यावयाची, तर त्या तारखेमागील सत्याग्रह, तुरुंगवास आणि सशस्त्र प्रतिकार यांना ग्रहांचे फळ म्हणावे लागते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास हे दुसरे विधान मान्य करू शकत नाही.

नेत्याची कुंडली आणि निकालोत्तर युक्तिवाद

राष्ट्राच्या कुंडलीपेक्षा नेत्याची कुंडली अधिक लोकप्रिय आहे. याचे अभ्यसनीय उदाहरण म्हणजे इंदिरा गांधी. १९ नोव्हेंबर १९१७ च्या त्यांच्या प्रचलित पत्रिकेत कर्क लग्न असून चंद्र व शनी, रवी व मंगळ, गुरू व शुक्र अशा ग्रहांच्या तीन जोड्यांमध्ये राशींचा परिवर्तनयोग आहे. असा तिहेरी योग दुर्मिळ म्हणून ज्योतिषी तिचे कौतुक करतात. १९७१ मध्ये त्यांच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या तेव्हा हा योग फळाला आला, असे म्हणता येते. १९७७ मध्ये पक्ष १५४ जागांवर आला आणि रायबरेलीत त्या स्वतः राज नारायण यांच्याकडून पराभूत झाल्या. १९८० मध्ये ३५३ जागांसह त्या परतल्या. पत्रिका तिन्ही वेळा एकच होती.

ज्योतिषाचे उत्तर असे की पत्रिका शक्यता सांगते आणि दशा काळ सांगते. हे उत्तर तपासले पाहिजे. विंशोत्तरी पद्धतीत १२० वर्षांची विभागणी नऊ महादशांत होते. प्रत्येक महादशेत नऊ अंतर्दशा आणि प्रत्येक अंतर्दशेत नऊ विदशा असतात. म्हणजे एकाच महादशेत ८१ पोटविभाग मिळतात. शिवाय गोचर भ्रमण, दृष्टी, नवमांश ही साधने हाताशी असतातच. भारताच्या कुंडलीत १९६५ ते १९८२ ही बुधाची महादशा मानली जाते. बांगलादेशाचे युद्ध, आणीबाणी, जनता पक्षाचा विजय आणि इंदिराजींचे पुनरागमन या परस्परविरुद्ध घटना एकाच बुधाच्या खात्यावर जमा आहेत. इतक्या कप्प्यांच्या व्यवस्थेत कोणत्याही घटनेला योग्य कप्पा सापडतो. जी व्यवस्था प्रत्येक निकालाचे समर्थन करू शकते ती कोणताही निकाल नाकारू शकत नाही, आणि म्हणून ती चुकीची ठरण्याचा प्रसंगच येत नाही. आपले विधान केव्हा चुकीचे ठरेल हे आधी सांगण्याची तयारी ही शास्त्राची किमान अट आहे. ती येथे पाळली जात नाही.

भाकीत निकालापूर्वी, नेमकेपणाने आणि कृतीसह दिले गेले तर काय होते, याचे उदाहरण श्रीलंकेत मिळते. राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांनी आपल्या मुदतीची दोन वर्षे शिल्लक असताना, ज्योतिषाच्या सल्ल्यावर विसंबून निवडणूक घेतली. ८ जानेवारी २०१५ रोजी झालेल्या मतदानात ते मैत्रीपाल सिरिसेना यांच्याकडून पराभूत झाले. येथे पोटविभागांच्या आड लपण्यास जागा नव्हती.

हिंगोलीचा मतदार

हिंगोली लोकसभा मतदारसंघातून पहिली निवडणूक १९७७ मध्ये झाली. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ पासून त्यात हिंगोली, कळमनुरी व वसमत यांबरोबर यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड आणि नांदेड जिल्ह्यातील हदगाव व किनवट असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. १९९८ ते २०२४ या काळातील सात निवडणुकांत येथून कोणताही खासदार सलग दुसऱ्यांदा निवडून आला नाही. सूर्यकांता पाटील, शिवाजी माने, पुन्हा सूर्यकांता पाटील, सुभाष वानखेडे, राजीव सातव, हेमंत पाटील आणि नागेश पाटील आष्टीकर असा हा क्रम आहे. काहींचा पराभव झाला, काहींनी पुन्हा निवडणूक लढविली नाही. परंतु येथील राजकारणात स्थिर 'राजा' नाही, हे या क्रमावरून स्पष्ट होते.

२०१४ मध्ये देशभर एका नेत्याच्या पत्रिकेची चर्चा होती. त्याच निवडणुकीत हिंगोलीतून काँग्रेसचे राजीव सातव अवघ्या १,६३२ मतांनी विजयी झाले. महाराष्ट्रात त्या पक्षाला मिळालेल्या दोन जागांपैकी ही एक होती. राष्ट्रीय नेत्याच्या राजयोगात या १,६३२ मतांना स्थान नाही. ती मते सहा विधानसभा क्षेत्रांतील गावांच्या, जातसमूहांच्या, उमेदवारांच्या संपर्काच्या आणि विरोधातील मतांच्या विभागणीच्या हिशेबातूनच समजू शकतात.

२०२४ हे वर्ष अधिक बोलके आहे. लोकसभेचे मतदान २६ एप्रिलला झाले आणि ४ जूनच्या निकालात हिंगोलीतून शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे आष्टीकर निवडून आले. राज्यात महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि २३ नोव्हेंबरच्या निकालात जिल्ह्यातील हिंगोली, कळमनुरी व वसमत या तिन्ही जागा महायुतीने जिंकल्या. राज्यात भाजप, शिवसेना व राष्ट्रवादी काँग्रेस या तिच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २३० जागा मिळाल्या. दोन्ही निवडणुका एकाच क्रोधी संवत्सरात झाल्या. राजा मंगळ तोच होता, मंत्री शनी तोच होता आणि मतदारही बहुतांशी तेच होते. या सात महिन्यांत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली, आरक्षणाच्या प्रश्नावरील ध्रुवीकरण बदलले आणि पक्षांनी आपली व्यूहरचना पुन्हा आखली. सोयाबीनची आधारभूत किंमत ४,८९२ रुपये असताना बाजारात भाव त्याहून खाली होता, तरीही निकाल सत्ताधाऱ्यांकडे गेला. या घटकांचे सापेक्ष वजन किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद होऊ शकतात. तो मतभेद पुराव्याने सोडविता येतो, हेच त्याचे मूल्य आहे.

त्याच विधानसभा निवडणुकीत २४ ऑक्टोबर २०२४ रोजी गुरुपुष्यामृत योग असल्याने राज्यातील अनेक उमेदवारांनी त्या दिवशी अर्ज भरले. एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडून येतो. त्यामुळे परस्परविरोधी उमेदवारांनी एकच मुहूर्त साधला, तर तो फार तर एकालाच फळू शकतो. आणि कोणाला फळावा याचा निर्णय मतपेटीकडेच राहतो.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला आक्षेप असा की मतदानोत्तर चाचण्याही चुकतात, मग दोष ज्योतिषालाच का द्यावा? चाचण्या चुकतात हे खरे आहे. परंतु नमुना किती, प्रश्न कोणते, त्रुटीची मर्यादा किती हे चाचणीला सांगावे लागते. चूक झाल्यास ती कोठे झाली हे शोधता येते. निवडणूक आयोगाने २०१७ मध्ये मात्र दोहोंना एकाच सूत्रात बांधले. मतदानोत्तर चाचण्यांवरील बंदीच्या काळात ज्योतिषी, टॅरोवाचक किंवा राजकीय विश्लेषक यांनी निकालाचे भाकीत प्रसिद्ध करणे हेही लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२६ अ च्या आशयाविरुद्ध आहे, असे आयोगाने स्पष्ट केले. भाकीत मतदारावर परिणाम करते, ते निरुपद्रवी नाही, याची ही संस्थात्मक कबुली म्हणता येईल.

दुसरा आक्षेप परीक्षणाच्या पद्धतीविषयी आहे. ज्योतिषाला योग्य कसोटीच दिली जात नाही, असे म्हटले जाते. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी अशी कसोटी घेतली होती. अभ्यासात हुशार शंभर आणि बौद्धिक अक्षमता असलेली शंभर अशा मुलांच्या पत्रिकांतून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या गेल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. ४० पैकी किमान २८ अचूक हा निकष होता. सर्वाधिक गुण २४ होते आणि सरासरी तर नाणेफेकीने मिळावी त्याहूनही कमी होती. ही कसोटी राजकीय भाकितांची नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि आधी निकष, मग उत्तर आणि शेवटी मोजणी हा तिचा क्रम राजकीय भाकितांनाही लागू करता येण्याजोगा आहे.

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा आहे. व्यक्तीने मुहूर्त पाहावा की नाही हा तिचा प्रश्न होय. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमानेही ज्योतिषी, नंदीबैलवाले यांचा सल्ला आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. हे स्वातंत्र्य येथे अमान्य केलेले नाही. श्रद्धा खाजगी असू शकते. राजकीय भाकीत मात्र सार्वजनिक विधान असते आणि सार्वजनिक विधानाची चिकित्सा सार्वजनिकरीत्याच झाली पाहिजे.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

राजकीय ज्योतिषाचा खरा परिणाम भाकितात नसून भाषेत दिसतो. मंत्रिमंडळ विस्ताराला 'मुहूर्त' मिळत नाही, योजनेला 'ग्रहण' लागते, सरकारमागे 'साडेसाती' लागते, नेत्याचे 'ग्रह फिरतात', असे आपली वृत्तपत्रीय मराठी सहज म्हणते. या शब्दप्रयोगांत क्रिया आहे, कर्ता नाही. विस्तार लांबतो तो घटक पक्षांत खात्यांवर एकमत होत नाही म्हणून; योजना रखडते ती निधी वितरित होत नाही म्हणून. ही कारणे 'ग्रहण' या शब्दाच्या सावलीत जातात.

हिंगोलीसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात याची किंमत मोठी आहे. पाऊस कमी पडणे निसर्गाधीन आहे. परंतु पीक विम्याची रक्कम मिळणे, हळद व सोयाबीनची खरेदी वेळेवर होणे, सिंचनाचा अनुशेष भरून निघणे हे निर्णयाधीन आहे. संवत्सरफलात मेघाधिपती आणि राजा एकाच यादीत येतात, तेव्हा निसर्गाधीन आणि निर्णयाधीन यांतील सीमारेषा पुसली जाते. सेनगाव तालुक्यातील शेतकऱ्याने आपल्या प्रतिनिधीला जो प्रश्न विचारावयाचा तो शनीकडे वळविला जातो, आणि शनी कोणत्याही सभागृहाला उत्तर देण्यास बांधील नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. मेदिनीय ज्योतिषाची परिभाषा राजसत्तेच्या काळात घडलेली असून लोकशाहीतील मतदाराच्या निर्णयाला तीत कर्त्याचे स्थान नाही.
२. राष्ट्राच्या कुंडलीची जन्मवेळ हा मानवी निवडीचा भाग आहे. हैदराबाद संस्थानातून भारतात आलेल्या हिंगोलीसारख्या प्रदेशाला ती लागू करण्यास कोणताही तर्कशुद्ध आधार मिळत नाही.
३. दशा व पोटविभागांच्या विपुलतेमुळे कोणत्याही निकालाचे निकालोत्तर समर्थन शक्य होते. त्यामुळे ही पद्धती खंडनक्षम राहत नाही.
४. २०२४ च्या दोन निवडणुकांचे हिंगोलीतील परस्परविरोधी निकाल स्थानिक राजकीय व आर्थिक घटकांच्या अभ्यासाचीच गरज अधोरेखित करतात.

महाविद्यालयांची या बाबतीत एक विशेष जबाबदारी आहे. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. विषय वर्गात यावा की नाही हा वाद त्यानंतरही चालू राहिला. तो कसा यावा याचा विचार मात्र कमी झाला. पुढील निवडणुकीपूर्वी राज्यशास्त्र, संख्याशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन प्रसिद्ध झालेली राजकीय भाकिते तारखेसह नोंदवावीत. कोणते विधान तपासण्याजोगे आहे आणि कोणते संदिग्ध आहे याचे वर्गीकरण करावे आणि निकालानंतर विद्यार्थ्यांकडून मोजणी करून घ्यावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक नोंदवही पुरते. आपल्या मताचा परिणाम पंचांगात शोधण्याऐवजी मतमोजणीच्या तक्त्यात शोधण्याची सवय त्यातून विद्यार्थ्याला लागेल, आणि ज्या प्रतिनिधीने उत्तर द्यावयाचे आहे त्याच्याकडे बोट दाखविणे त्याला अधिक सोपे जाईल.